पैशाला हात न लावणाऱ्या भिक्खूंकडून अर्थशास्त्र : पुण्यातील एका रविवारच्या वर्गाविषयी

कर्वे रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या लहान सभागृहात, गेल्या हिवाळ्यात सहा रविवार एक वर्ग चालला. विषय होता बौद्ध परंपरेतील अर्थविचार आणि राज्यकारभार. शिकवणारे होते अर्थशास्त्रात पीएच.डी. केलेले एक भिक्खू. शुल्क १,५०० रुपये आणि वेळ सकाळी साडेनऊ ते अकरा. सहकारी बँकांच्या हिशेबतपासणीत ३१ वर्षे घालवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याने नाव नोंदवताना मनात थोडी धास्ती बाळगली होती. ‘अर्थ’ आणि ‘धम्म’ हे दोन शब्द एकाच पत्रकावर छापलेले दिसले की गरजा कमी करा, समाधानी राहा, असा उपदेश ऐकण्याची तयारी ठेवावी लागते, आणि त्यासाठी १,५०० रुपये भरण्याचे कारण नसते. तो घरी फुकट मिळतो. ही धास्ती पहिल्याच रविवारी गेली. वर्गात उणिवा पुष्कळ होत्या आणि त्यांविषयी पुढे लिहिणारच आहे, परंतु भंते पाली साहित्याकडे सुविचारांचा संग्रह म्हणून न पाहता नियमांचे, पदांचे आणि हिशेबांचे दप्तर म्हणून पाहतात, आणि एवढ्या एका कारणासाठी हा वर्ग शुल्काच्या मोलाचा आहे.

ही दृष्टी त्यांना कोठून मिळाली हे त्यांच्या शिक्षणाच्या वाटचालीवरून समजते. पहिल्या रविवारी त्यांनी ती पंधरा मिनिटांत, कोणताही आव न आणता सांगितली. जन्म भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात, दहावीनंतर श्रामणेर म्हणजे शिकाऊ भिक्खू, बी.ए. नागपूरला, बाहेरून परीक्षा देऊन. आणि मग एम.ए.साठी पुणे. पुण्यात त्यांना पहिली अडचण आली ती संख्याशास्त्राची, दुसरी जेवणाची. भिक्खूला माध्यान्हानंतर जेवता येत नाही, आणि वेळापत्रकात साडेअकराचा तास ठरलेला; त्यामुळे पहिले सत्र त्यांनी सकाळी नऊला जेवून आणि उरलेला दिवस पाण्यावर काढला. (हे सांगताना त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही, पण समीकरणांचे तास नेहमी दुपारी का ठेवतात, असे मात्र विचारले.) पुढे पीएच.डी.साठी त्यांनी ग्रामपंचायतींच्या स्वतःच्या उत्पन्नाचा, म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टीचा, विषय घेतला. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला, पण स्वतःच्या हिमतीवर कर वसूल करण्याची सवय त्या दर्जाबरोबर आपोआप आली नाही, आणि ती कोठे आली व कोठे नाही हे त्यांना पाहायचे होते.

येथे त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला संपूर्ण वर्गात सर्वांत मोलाची वाटली. प्रश्नावली घेऊन ते गावात शिरले की बौद्ध वस्तीत लोक पाया पडत, पाट मांडत आणि घरपट्टी भरता का या प्रश्नाला सगळेच ‘हो भंते’ म्हणत. इतर वस्त्यांत लोक त्यांना दान मागायला आलेले समजून आदराने दोन रुपये पुढे करत. त्यांच्या शब्दांत सांगायचे तर, “चीवर पाहून लोक खोटं बोलत नव्हते, पण खरंही सांगत नव्हते.” शेवटी त्यांनी त्याच घरांत साध्या कपड्यांतील दोन विद्यार्थ्यांना पुन्हा पाठवले, दोन्ही उत्तरे ग्रामपंचायतीच्या वसुली नोंदवहीशी ताडून पाहिली, आणि आपल्या वस्त्रामुळे उत्तरात किती फरक पडतो याचे एक स्वतंत्र प्रकरणच प्रबंधात घातले. स्वतःला मिळणारा आदर हा माहितीतील दोष म्हणून मोजणारा संशोधक मी यापूर्वी पाहिला नव्हता. आम्ही तपासणीला गेलो की शाखेत आधी चहा येई आणि मग फायली येत. त्या चहाचा फायलींवर काय परिणाम होतो, हे आमच्यापैकी कोणी कधी मोजले नाही.

संघातूनही विरोध झाला, आणि तो त्यांनी लपवला नाही. पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, भिक्खूंनी टाळावयाच्या निरर्थक गप्पांची एक यादी येते, तिला ‘तिरच्छानकथा’ म्हणतात, आणि तिच्या आरंभीच राजकथा, चोरकथा आणि महामात्यकथा आहेत. राज्यकारभार हा तर सरळ राजकथेचाच अभ्यास, असा आक्षेप एका वयोवृद्ध स्थविरांनी घेतला. भंतेंचे उत्तर असे होते की राजा कसा दिसतो, काय खातो आणि कोणावर रुसला आहे याची चर्चा ही राजकथा. पण राजाने कर किती घ्यावा आणि दरिद्री माणसाचे काय करावे याविषयी स्वतः बुद्धांच्याच तोंडी दीघनिकाय या सुत्तसंग्रहात लांबलचक सुत्ते आहेत. उत्तर चतुर आहे. स्थविरांचे समाधान झाले की नाही ते मात्र भंतेंनी सांगितले नाही.

पैशाचा प्रश्न याहून अवघड होता. संशोधनवृत्ती बँकेच्या खात्यात जमा होते, आणि विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेच्या, नियमाप्रमाणे भिक्खूला सोने-रुपे स्वीकारता येत नाही, दुसऱ्याकरवी आपल्यासाठी स्वीकारवताही येत नाही. मात्र विनयातील महावग्ग या ग्रंथात मेण्डक या गृहपतीच्या प्रसंगी एक मुभा दिलेली आहे: उपासकाने ‘कप्पियकारक’ म्हणजे विहारातील व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थाकडे रक्कम ठेवावी, त्यातून भिक्खूला चालणारी वस्तू घेतली जावी आणि ती वस्तू भिक्खूने स्वीकारावी, रक्कम मात्र स्वीकारू नये. भंतेंच्या बाबतीत खात्यावर नाव त्यांचे, व्यवहार एका निवृत्त शिक्षकांचा, आणि दर महिन्याचा हिशेब विहाराच्या फळ्यावर. ही व्यवस्था नियमात पूर्णपणे बसते असा त्यांचा दावा नाही. बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत जी दुसरी संगीती, म्हणजे भिक्खूंची धर्मसभा, भरली, तिच्यातील दहा वादग्रस्त मुद्द्यांत सोने-रुपे घ्यावे की नाही हाही मुद्दा होता, आणि तो तेव्हा जितका टोकदार होता तितकाच आजही आहे, एवढेच ते म्हणाले. वर्गाच्या शुल्काची पावती मला दाराशी बसलेल्या स्वयंसेवकाने दिली. भंतेंनी त्या टेबलाकडे पाहिलेही नाही.

दुसरा आणि तिसरा रविवार हा वर्गाचा कळसाचा भाग होता. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील, म्हणजे आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो त्यांतील, दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) अक्षयनीवी म्हणून, म्हणजे मुद्दल कधीही परत न घेता केवळ व्याज वापरायचे या अटीवर, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातील मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत, असे लेख सांगतो. भंतेंनी फळ्यावर गणित मांडायला लावले: २,००० वर दरमहा २०, वर्षाला २४०, आणि २० गुणिले १२ बरोबर २४०. एक कार्षापणही शिल्लक नाही, एकही कमी नाही. दगडात कोरलेला ताळेबंद जुळताना पाहून माझ्या शेजारी बसलेल्या प्राध्यापिकाबाईंनी चक्क टाळी वाजवली, आणि मलाही तो मोह झाला होता.

पण भंते तेथे थांबले नाहीत. दोन श्रेणींना दोन वेगळे दर का, असे त्यांनी विचारले, आणि अर्धा तास वर्ग त्यावर बोलत राहिला. कमी दराची श्रेणी अधिक भरवशाची असेल, की तिला भांडवलाची गरज कमी असेल, की दुसऱ्या रकमेचा उद्देशच वेगळा होता? लेखात उत्तर नाही आणि भंतेंनीही ते ओढूनताणून दिले नाही. त्यांनी लक्ष वेधले ते लेखाच्या शेवटाकडे, जेथे ही सारी व्यवस्था निगमसभेत ऐकवली गेली आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवली गेली असे म्हटले आहे. म्हणजे दाता राजघराण्यातला, ठेव घेणारे विणकर, लाभ घेणारे भिक्खू, आणि तरीही व्यवहार तिघांपुरता न ठेवता नगराच्या सभेपुढे मांडलेला. मी त्यांना विचारले, “भंते, श्रेणीच बुडाली तर?” आपल्याकडे ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेवविमा आहे, आणि पुण्यात त्या पाच लाखांची वाट पाहत बसलेले ठेवीदार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. ते म्हणाले, “सर, म्हणूनच दोन श्रेणींत ठेवले असावेत, पण हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.” तर्क आणि पुरावा यांतील रेषा ते न विसरता दाखवत होते, आणि ती सवय बहुधा प्रबंध लिहिताना लागली असावी.

तिसऱ्या रविवारी संघातील पदाधिकारी हा विषय होता. भांडारगृह सांभाळणारा, आलेली चीवरे स्वीकारणारा, ती वाटणारा, भोजनाची निमंत्रणे लावून देणारा, निवासाच्या जागा नेमून देणारा, अशी कितीतरी पदे विनयात आहेत, आणि त्या पदांवर कोणाला नेमावे याची कसोटी एकाच साच्याची आहे: जो छंद म्हणजे आवड, दोस म्हणजे द्वेष, मोह म्हणजे अज्ञान आणि भय या चार वाटांनी वाहवत जात नाही, आणि ज्याला आपल्या पदाचे काम कळते, म्हणजे काय घेतले व काय घेतले नाही, काय दिले व काय दिले नाही, हे ज्याला ठाऊक असते. मी नोकरीत पाहिलेल्या बुडीत कर्जांच्या फायली डोळ्यांसमोरून सरकत गेल्या. मेहुण्याच्या कारखान्याला दिलेले कर्ज हे छंदाचे. विरोधी गटाच्या सभासदाचे अडवलेले कर्ज द्वेषाचे. तारण जमिनीचा सातबारा न वाचता मंजूर झालेले कर्ज मोहाचे. आणि अध्यक्षांचा फोन आल्यावर रात्रीत मंजूर झालेले कर्ज भयाचे. पाचवा प्रकार मला आठवेना. आमच्या तपासणी अहवालात मात्र या चारही प्रकारांना ‘प्रक्रियात्मक त्रुटी’ असा एकच शब्द असे.

त्याच दिवशी त्यांनी चुल्लवग्ग या विनयग्रंथातील बुद्धशिष्य आनंद आणि राजा उदेन यांचा संवाद वाचला. पाचशे वस्त्रे दान मिळाली, एवढ्यांचे करणार काय, असे राजा विचारतो, आणि आनंद सांगत जातात की जीर्ण चीवरे झालेल्या भिक्खूंना ही देऊ, जुन्यांची पलंगपोसे करू, जुन्या पलंगपोसांचे गादीचे अभ्रे, त्यांची भुईवर अंथरायची वस्त्रे, मग पायपुसणी, मग धूळ झाडायची फडकी, आणि शेवटी ती कुटून मातीत कालवून भुई लिंपू. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांचे हेच केले. फक्त कोणा राजाने त्यांना हिशेब विचारला नाही.

चौथा रविवार मला कमी पटला. कूटदन्त सुत्तातील पुरोहित महाविजित राजाला सांगतो की चोर-दरोडेखोरांना मारून, बांधून उपद्रव थांबणार नाही. शेतकऱ्यांना बी-बियाणे द्या, व्यापाऱ्यांना भांडवल द्या, राजसेवकांना अन्न आणि वेतन द्या, मग लोक आपापल्या कामात गुंततील आणि दारे उघडी ठेवून राहतील. उतारा सुंदर आहे, आणि भंतेंनी चक्कवत्ति-सीहनाद सुत्ताशी त्याची जोड चांगली घातली. तेथे राजा निर्धनांना धन देत नाही, त्यामुळे दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या अशी पायरीपायरीने घसरण होते. परंतु कूटदन्त सुत्तावरून आजच्या कृषी पतपुरवठ्याकडे त्यांनी जी उडी मारली ती फार लांबची होती. महाविजिताची तिजोरी कथेच्या आरंभीच भरलेली असते. ज्या राजाला पैसा कोठून आणायचा हा प्रश्नच नाही, त्याचे अंदाजपत्रक आपल्याला किती शिकवणार? मी हे विचारल्यावर भंतेंनी सांगितले की पुढे प्रजा राजाला धन आणून देते तेव्हा तो ‘न्याय्य कराने माझ्याकडे पुरेसे जमले आहे’ असे म्हणून ते परत करतो, म्हणजे कराची मर्यादा सुत्तात आहे. आहे खरी, पण मर्यादा म्हणजे तरतूद नव्हे. ग्रामपंचायतीच्या रिकाम्या तिजोरीवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाने येथे अधिक खोलात जायला हवे होते.

पाचव्या रविवारी आधुनिक विचारवंत आले आणि घाईघाईने गेले. अर्थतज्ज्ञ ई. एफ. शूमाखर १९५५ मध्ये सल्लागार म्हणून ब्रह्मदेशात गेले आणि त्यातून त्यांचा बौद्ध अर्थशास्त्रावरील १९६६ चा निबंध निघाला, एवढे सांगून भंते आपल्या खऱ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळले. बाबासाहेब आंबेडकरांचे रुपयाच्या प्रश्नावरील आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील काम १९२० च्या दशकातले. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. लोक या दोहोंमध्ये दोन वेगळी माणसे उभी करतात, आणि वित्तव्यवस्थेचा अभ्यासक कोठे संपतो व बौद्ध कोठे सुरू होतो ते शोधत बसतात, असे भंतेंचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर काळे स्मृतिव्याख्यान दिले होते, हे ऐकून वर्गातील निम्म्या पुणेकरांना आश्चर्य वाटले. त्या संस्थेवरून रोज फिरायला जाणाऱ्या मलाही ते ठाऊक नव्हते. भिक्खूने विद्यापीठीय अभ्यास करणे हेही पुण्याला नवे नाही. सिंहलद्वीपात भिक्खू झालेले धर्मानंद कोसंबी पुढे १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. फरक एवढाच की कोसंबी चीवर उतरवून शिकवायला आले, आणि हे भंते चीवरासकट शिकायला आले.

सहावा रविवार राज्यकारभाराचा, आणि खरे तर या एका विषयालाच तीन रविवार द्यायला हवे होते. संघाच्या सभेत प्रस्ताव म्हणजे ‘ञत्ति’ मांडायची, महत्त्वाच्या कामात तिच्यावरील ठराव तीनदा ऐकवून कोणाचा आक्षेप आहे का ते पाहायचे, मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे मतदानाच्या काड्या, वाटून बहुमत घ्यायचे, शलाका वाटणाराही त्याच चार दोषांपासून मुक्त हवा. कामाच्या स्वरूपानुसार गणपूर्ती चार, पाच, दहा किंवा वीस भिक्खूंची. आणि वाद फार पसरला तर निवडक भिक्खूंची ‘उब्बाहिका’, म्हणजे आजची समिती, नेमायची. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या याच कार्यपद्धतीचा दाखला दिला होता. या सगळ्यात भंतेंनी पकडलेला मुद्दा आजारी भिक्खूचा होता. संघाने ठरवलेल्या सीमेच्या आत राहणारा भिक्खू आजारपणामुळे सभेला येऊ शकत नसेल, तर त्याने आपला ‘छंद’, म्हणजे संमती, दुसऱ्याबरोबर पाठवलीच पाहिजे, नाहीतर सभेचे काम सदोष ठरते. आपल्या ग्रामसभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते; ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. एका नियमात गैरहजर माणसाचा शोध घेतला जातो आणि दुसऱ्यात त्याच्या गैरहजेरीची सोय केली जाते, हे त्यांनी एवढ्या शांतपणे सांगितले की त्याचे वजन जिना उतरताना लक्षात आले. आणि नेमके याच ठिकाणी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, वर्ग थांबवावा लागला, कारण भंतेंच्या जेवणाची वेळ टळत होती.

याचा दोष भंतेंना देता येत नाही. आयोजक न्यासाने दर रविवारी पहिली वीस-पंचवीस मिनिटे प्रास्ताविक, परिचय आणि सत्कार यांत घालवली. ज्यांना माध्यान्हाआधी जेवावेच लागते अशा वक्त्यांच्या वर्गात वेळ कोठून कापला जाणार हे आयोजकांना पहिल्या दिवशीच कळायला हवे होते. सहा रविवारांत भंतेंना चार शाली दिल्या गेल्या. तिसऱ्या शालीनंतर त्यांनी हसून आनंद आणि उदेन यांच्या संवादाची आठवण करून दिली, तरी चौथी आलीच. ध्वनिक्षेपक खरखरत होता. टिपणांची झेरॉक्स फिकट होती आणि पाली शब्दांतील ‘ञ’ व ‘ळ’ बहुतेक ठिकाणी चौकोन होऊन छापले गेले होते, ज्यामुळे ‘ञत्ति’ हा शब्द वर्गातील अनेकांनी सहाव्या रविवारपर्यंत ‘गत्ती’ असाच वाचला. चहा मात्र चांगला होता.

हा वर्ग कोणासाठी आहे हे पत्रकात नीट सांगितलेले नाही, म्हणून येथे सांगतो. मनःशांतीच्या शोधात येणाऱ्यांची निराशा होईल. दुसऱ्या रविवारी व्याजदराच्या चर्चेत दोन गृहस्थ उठून गेलेही. पालीचे विद्यार्थी असाल तर मूळ उतारे अधिक हवे होते असे वाटेल. पण पतसंस्था, गृहनिर्माण सोसायटी, शाळेचे व्यवस्थापन किंवा ग्रामपंचायत यांपैकी कोठेही समितीत बसून ज्यांनी इतिवृत्तावर सही केली आहे, त्यांनी यावे. पुढचा वर्ग पुढील वर्षावास संपल्यावर, म्हणजे आश्विन पौर्णिमेनंतर, आहे असे सांगितले गेले; तेव्हा आठ रविवार ठेवावेत आणि सत्कार एकच ठेवावा, अशी लेखी सूचना मी दिली आहे.

शेवटच्या दिवशी, भंतेंच्या आग्रहामुळे, वर्गाचा जमाखर्च दाराशी चिकटवला होता. ३८ जणांचे ५७,००० रुपये जमा. सभागृह २४,०००, छपाई ७,६००, चहा ९,१००, ध्वनिव्यवस्था ६,०००. शिल्लक १०,०३० रुपये, विहाराच्या ग्रंथालयासाठी. चपला घालता घालता सवयीने मी बेरीज केली. शिल्लक १०,३०० यायला हवी होती. २७० रुपयांचा फरक, आणि फरकाला नऊने भाग जातो म्हणजे बहुधा आकडे उलटसुलट लिहिले गेले, हे आमच्या धंद्यातले पहिले शिक्षण. मी स्वयंसेवकाला तसे सांगितले. तो म्हणाला, आता वर्ग संपला आहे, राहू द्या. आत भंते जेवायला बसले होते. त्यांनी जेवण थांबवले नाही, फक्त हाताने खूण केली, आणि स्वयंसेवक पेन घेऊन पुन्हा दाराशी आला.